अस्वलाचं नाणं

नाण्यांच्या अल्बममधला कप्पा रिकामा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. स्वित्झर्लंडच्या बर्न शहराचं, फ्रेंच क्रांतीआधीचं, अस्वलाची छाप असलेलं चिल्लर नाणं गायब होतं. परवाच फरशी पुसताना केसरबाईंनी विचारलं होतं, "अस्वल हाय की ह्याच्यावर?" मी शेजाऱ्यांदेखत त्यांची पिशवी दारातच उलटी केली. भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी पडली, नाणं कुठेच नव्हतं. केसरबाई खाली बसून भाकरी झटकू लागल्या. "सृष्टीच्या उशाखाली हाय त्ये. तापात लेकरू झोपेत लई दचकतंय. आमच्यात अस्वलाचा केस बांधत्यात, भ्या जातं. आता केस कुटं मिळतोय? सूनबाईस्नी इचारून ठेवलं." त्यांच्याकडे बघवेना, म्हणून नातीच्या खोलीत शिरलो. सृष्टी गाढ झोपली होती. माझा हात तरीही उशाखाली गेलाच. मागून केसरबाई हळूच म्हणाल्या, "आत्ता काढू नका, काका. पोरगी परत दचकंल."