टॉवर रिकामा सोडायचा नाही

"अजून किती रे बाबा?" वनमालाबाईंनी पाचव्यांदा विचारलं आणि दयारामने पाचव्यांदा तेच सांगितलं, "बस दाई, आ गे."

दयाराम हा जंगलाच्या नाक्यावरचा छत्तीसगढी चौकीदार, आईला दाई म्हणणारा. मार्च महिना, वणव्याचे दिवस, बाहेरच्या माणसाला आत सोडायची सक्त मनाई. पण बाईंनी नाक्यावर डोळ्यांना पदर लावला होता. "पोट्टा वर टॉवरवर ड्युटीला आहे, भैया. त्याचे बाबूजी सीरियस हैं." झालं! रेंजर साहेब जागेवर नव्हते, म्हणून दयारामने नाक्यावरच्या फोनवरून त्यांच्या ऑफिसात निरोप ठेवला आणि स्वतःच वाट दाखवायला निघाला.

सीरियस कसले? रायपूरला चौबे कॉलोनीत श्यामराव या घटकेला बनियनवर पेपर वाचत बसले असतील आणि दुसरा चहा द्यायला बायको घरात नाही म्हणून चडफडत असतील. रेल्वेतून रिटायर झालेला धडधाकट माणूस! जित्याजागत्या नवऱ्याला असं खाटेवर टाकताना बाईंची जीभ अडखळली होती. पण करतात काय? निरंजन एकुलता एक. पोट्ट्याने तेलीबांध्याच्या ऑफिसातली एसीतली नोकरी सोडली आणि चार महिन्यांच्या रोजंदारीवर डोंगरावर आग बघत बसला. ऑफिसवाल्यांनी शेवटचं सांगितलं होतं, सोमवारी आला तर ठीक, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला. आज शनिवार. फोनवर पोराचं एकच, "आई, नाही जमत." बाप आजारी म्हटल्यावर कसं जमत नाही ते बघू!

गुडघे बोंबलत होते. पायाखाली पाला चुरचुर वाजत होता. मोबाईलला रेंज नाही हे ठाऊक असूनही बाई दर वळणावर तो काढून बघत होत्या. मध्येच थांबून तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या, "बेटा, घाबरू नको, पण बाबांले..." मग वाटायचं, असं नको. आधी रडावं, मग बोलावं. दयाराम मागे वळून बघायचा, दाई बिचारी देवाचं नाव घेऊन राहिली असं समजायचा आणि पाय उचलायचा.

शिखरावर लोखंडी टॉवर. बाई दयारामच्या मागून कठड्याला धरून जिना चढल्या. निरंजन गळ्यात दुर्बीण घालून उभा होता. काळवंडलेला, दाढी वाढलेली.

"आई? तू इथं काहून आली?"

"बेटा, बाबांले..."

पण पोराची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. खाली उतारावर धुराचा बारीक पट्टा उठला होता. हे दरसालचं. मोहाची फुलं पडली की लोक झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं वेचायला सोपी. जाळायचं लक्षात राहतं, विझवायचं राहून जातं. मग वारा सुटला की डोंगर पेटतो.

निरंजनने टेबलावरच्या वायरलेसवर आगीची खबर दिली, दयारामला घेऊन निघतो म्हणाला, दुर्बीण आईच्या गळ्यात अडकवली, सेट पुढे सरकवला आणि दुसरा छोटा सेट कमरेला खोचला. "टॉवर रिकामा सोडायचा नाही, आई. बसून राह्य. कुठं काही दिसलं तर हे बटन दाबून बोल. सगळ्यांले ऐकू जाते."

"अरे, माझं ऐकून तर घे!"

तो आणि दयाराम कधीच जिना उतरून पळत सुटले होते.

बाई रागाने नुसत्या फणफणल्या. आई दोन तास डोंगर चढून आली आणि याला पाणीसुद्धा विचारायची शुद्ध नाही! तरी दुर्बीण डोळ्यांना लागलीच. खाली चार-पाच बाया टोपल्या टाकून पालेदार फांद्यांनी आग झोडपत होत्या. निरंजन पोचला, त्याने फांदी तोडली, तोही झोडपू लागला. ज्वाळा कमरेइतक्या होत्या. बाईंनी कठडा घट्ट धरला.

तेवढ्यात सेट खरखरला. "निरंजन, रेंजर बोल रहा हूँ. नाके की खबर अभी मिली है, तुम्हारे पिताजी सीरियस हैं. आग दयाराम पे छोड़ो, माँ को लेकर निकलो. जीप भेज रहा हूँ."

बाईंना आनंदच झाला, खोटं कशाला बोला? आपल्याला तोंडही उघडावं लागलं नाही. देवच धावला.

मग दुर्बिणीत निरंजन दिसला. त्याच्या हातातली फांदी गळून पडली. तो तिथंच, त्या धुरात, मटकन खाली बसला. दयारामने त्याला उठवलं. तो डोळे पुसत, ठेचकाळत डोंगर चढू लागला. मागे ज्वाळा दयारामला वळसा घालून पुढे सरकल्या, बाया मागे हटू लागल्या. पोरगा घरी यायला निघाला होता, आणि वनमालाबाईंना जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. त्यांनी बटन दाबलं.

"निरंजन, ऐक. बाबांले काही झालं नाही. घरी पेपर वाचून राहिले ते. मी खोटं बोलली. तुले न्यायले आली होती मी. तू जा बेटा, आग पाह्य."

निरंजन थांबला. त्याने मान वर करून टॉवरकडे बघितलं. मग वळला आणि उतारावरून धावत सुटला.

सेटवर रेंजर साहेब कडाडले, "माताजी, ये मज़ाक है क्या? सेट आपको किसने दिया? ऊपर कर क्या रही हैं?"

बाईंनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही.

"वो बाद में पूछना साहेब, पहले आदमी भेजो. नाले के उधर दूसरा धुआँ उठ रहा है."