एका वेळी एकच धमनी

मधुकररावांच्या मानेतल्या पंपाची कळ कालिंदीबाईंनी डावीकडे वळवली. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राकडे रक्त वळलं आणि नवऱ्याला वाचा फुटली.

"बाई, तुम्ही नव्या नर्स का?"

माणसं ओळखणारा उजवीकडचा भाग आता कोरडा पडला होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर उरलेल्या धमन्या दोन्हीकडे पुरत नव्हत्या.

"हो," कालिंदीबाई म्हणाल्या. या उत्तराची त्यांना सवय झाली होती.

"मग आमच्या हिला एक निरोप द्याल? त्या दिवशी माझी जीभ जड झाली, तर हिला वाटलं पित्त झालंय. कोकम सरबत पाजलं, टाळूवर तेल घातलं आणि निजवलं. डॉक्टरकडे न्यायला संध्याकाळ झाली. फार मनाला लावून घेतलंय तिनं. समोर बसून रडते, आणि नेमकं तेव्हाच माझं तोंड उघडत नाही. तिला म्हणावं, दवाखाना नको हा हट्ट माझाच होता. ती विसरलीय."

कालिंदीबाई काहीच विसरल्या नव्हत्या. बोबड्या जिभेनं ते "डॉक्टर, डॉक्टर" म्हणत होते, आणि त्या "पडून राहा बघू" म्हणून तेल चोळत होत्या.

त्यांनी कळ उजवीकडे वळवली. हळूहळू मधुकररावांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी बायकोचा हात धरला.

"अहो, निरोप पोचला," कालिंदीबाई म्हणाल्या. "पण माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

मधुकररावांचे ओठ हलले. बराच वेळ नुसतेच हलत राहिले.