आईच्या नावाशेजारची जागा

आईच्या आठवणीसाठी थोरली वेबपान बनवत होती. सगळ्या ओळी मधोमध ठेवा, असं तिने पानाची मांडणी ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये बजावलं होतं. पण आईचं नाव ऐकेल तर शपथ! दर वेळी उजव्या कडेला सरकायचं.

“अगं, आई बाकावरही अशीच सरकायची,” धाकटी डोळे पुसत हसली. “कुणी येणार असलं की आधीच जागा करून ठेवायची.”

आतल्या खोलीत बाबा सकाळपासून खोकत होते.

थोरलीने वैतागून स्टाइलशीटच काढून टाकली. सगळ्या ओळी मुकाट डावीकडे गेल्या. आईचं नाव मात्र जागचं हललं नाही.

तळाशी घरच्यांची नावं होती. त्यातलं बाबांचं नाव अलगद वर चढलं आणि आईने राखलेल्या जागेत बसलं.

आतला खोकला थांबला.