घरात माणसं किती

टॅबनं नाव काढलं आणि रुबानं ते मोठ्यानं वाचलं. "इयास. वय चोवीस. त्यांना बोलवता का?"

कुणी उठलं नाही. चहा ओतणाऱ्या दुन्याचा हात तेवढा थांबला.

सकाळपासून वाळवंटाची धूळ हवेत तरंगत होती. समोरची टेकडी दिसेनाशी झाली होती, तिच्यावरची इस्रायली वसाहतही. भर दुपारी घरात पिवळा, फिका उजेड भरला होता आणि रस्त्यावरचे आवाज फार लांबून आल्यासारखे वाटत होते. असल्या दिवशी माणूस जागेपणीही अर्धवट झोपेतच वावरतो.

रुबा मतं गोळा करत गावोगाव फिरायची. जगातले देश आपल्याशी जसे वागतात, त्याबद्दल पॅलेस्टिनी माणसाला काय वाटतं, हे तिला विचारायचं होतं. काम सोपं, पण नियम कडक. घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची नावं टॅबमध्ये भरायची आणि टॅब ज्याचं नाव काढील त्यालाच विचारायचं. जो पुढे पुढे करील त्याला नाही.

या घरात पुढे पुढे करणारा होता अबू इयास, म्हणजे इयासचा बाप. पाहणीवाले गावात आल्याचं कळल्यापासून तो इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. "मला विचार पोरी," तो आल्या आल्या म्हणाला होता. "कुठल्या कुठल्या देशांनी पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली म्हणे. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. हे लिही आधी."

"बाबा, तुम्हाला न विचारताच तुम्ही रोज सांगता," दुन्या म्हणाली होती, आणि रुबालाही हसू आलं होतं.

नावं उम्म इयासनं, इयासच्या आईनं, सांगितली होती. घरात माणसं किती, या प्रश्नावर ती जराही अडखळली नव्हती. चार. नवरा, आपण, मुलगा, मुलगी.

"इयास घरी नाही," ती आता म्हणाली.

"आत आहे," अबू इयास म्हणाला. "सतरा महिने झाले. आरोप नाही, खटला नाही. दर सहा महिन्यांनी इस्रायली लष्कर नवा कागद काढतं आणि मुक्काम वाढवतं."

रुबानं मान खाली घातली. असं याआधीही दोन घरांत झालं होतं. सगळ्या आया हीच चूक करतात. "मावशी, जे तुरुंगात आहेत त्यांना घरात धरता येत नाही," ती शक्य तितक्या हळू म्हणाली. "मला हे नाव यादीतून काढून टाकावं लागेल. मग टॅब उरलेल्या तिघांतून निवडेल."

"काढ," अबू इयास म्हणाला. "यादीत राहून तो काय बोलणार आहे? माझं नाव निघालं तर मी तरी बोलेन. त्याच्याबद्दलच बोलेन. कुणीतरी, कुठेतरी वाचेल."

"विद्यापीठानं पटावरून काढलं," उम्म इयास म्हणाली. "कारखान्यानं काढलं. आता तू घरातूनही काढ."

ती रागावलेली नव्हती. ओट्यावरचं भांडं उचलून ठेवावं तसं ती बोलली. रुबाचं बोट टॅबच्या काचेवर टेकायचं तेवढं राहिलं. नाव काढायच्या खुणेवर बोट टेकवलं की झालं, इतकं सोपं होतं ते. नाही टेकवलं, तर हे घर कोरंच राहणार होतं आणि अबू इयासला कधीच कुणी काही विचारणार नव्हतं.

"त्याला काय विचारणार होतीस, ते तरी वाच," उम्म इयास म्हणाली.

नियमात हे बसत नव्हतं. रुबानं वाचलं. "परदेशांनी आपल्या राष्ट्राला मान्यता दिल्यानं तुमच्या रोजच्या जगण्यात फरक पडेल असं तुम्हाला वाटतं का? खूप पडेल, थोडा पडेल, अजिबात पडणार नाही."

आणि ती थांबली. उत्तरासाठी थांबायची सवयच होती तिला.

बाकीचेही थांबले. दुन्यानं किटली खाली ठेवली. उम्म इयास दाराशेजारच्या इयासच्या गादीकडे बघत होती. तिथं उजेडाचा एक धुरकट पट्टा पडला होता आणि त्यात धूळ सावकाश वर चढत होती. अबू इयासकडे या प्रश्नाची दहा उत्तरं तयार होती, पण तोही गादीकडेच बघत होता, मान किंचित कलती करून, ऐकू कमी येणाऱ्यासारखा. रुबाला वाटलं, आता कुणीतरी घसा खाकरेल. तिला ते इतकं खरं वाटलं की तिनं बोट उत्तरांच्या रकान्यावर नेलं.

कुणी खाकरलं नाही. तरी तिनं ते बोट मागे घेतलं, नाव काढायच्या खुणेकडे नेलं नाही, आणि तिसऱ्याच एका ओळीवर टेकवलं. घरी नाहीत, पुन्हा भेट द्यावी.

टॅबनं लगेच पुढचा प्रश्न विचारला. तो रुबानं कुणाच्याच तोंडाकडे न बघता वाचला. "कधी भेटतील?"

दुन्या तोंड फिरवून उभी राहिली.

अबू इयासनं सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

"संध्याकाळी ये," तो म्हणाला. "कामावरून सरळ घरीच येतो तो."