एक चूक राहिलीय

"एक चूक राहिलीय," असं म्हणून घारसाहेबांनी पान परत सरकवलं. "शोध."

तिने पान उचललं. डोळ्यांसमोर मघापासून नागमोडी उजेड चमकत होता. म्हणजे वीस मिनिटांत अर्धशिशी उठणार. पोटातल्या सहा महिन्यांच्या जिवाने एक ढुशी दिली. त्यालाही कळलं असावं.

ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. कंपोझिटर अक्षरांचे खिळे जुळवून कच्चं प्रूफ काढत, त्यातल्या चुका ती शोधी. तिच्यानंतर पान मुख्य मुद्रितशोधकांकडे जाई. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही, म्हणून सगळे त्यांना 'घार' म्हणत. तोंडावर घारसाहेब. त्यांची सही झाली की पान छपाईला.

या वेळचं पुस्तक नर्सबायांसाठी होतं. कोणत्या औषधाची किती मात्रा द्यायची, त्याचं. चारशे पानं, सगळी आकड्यांची. मालकांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "बाई, हे नीट पुरं केलंत तर बाळंतपणानंतर खुर्ची तुमचीच. पण एक जरी आकडा चुकला, तर परत येऊ नका. माणसं मरतील हो, आणि मागोमाग माझा छापखाना."

अर्धशिशी तिला लग्नाआधीपासूनच होती, पण वर्षातून दोनदा. चौथा महिना लागला आणि ती आठवड्यातून तीनदा यायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीची गोळी आता बंद. वेळेवर खा, पाणी पी, झोप मोडू नकोस, अंधारात पड. गंमत म्हणजे त्या गोळीचं पानही तिनेच तपासलं. 'गरोदर स्त्रीस देऊ नये.' त्या ओळीत एकही चूक नव्हती.

"डोकं दुखतं तर घरी नीज की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यावाचून छापखाना बंद पडणार आहे का?"

"छापखाना नाही पडायचा. खुर्ची जाईल."

"हे पोरगं जन्मल्याबरोबर आधी आमच्या चुका काढणार बघ," सासूबाई पुटपुटल्या. पण दुसऱ्या दिवसापासून डब्याशेजारी ओला टॉवेल गुंडाळून ठेवू लागल्या.

तिने आपली तजवीज केली. टेबलाच्या दिव्याला हिरवा कागद लावला. खणात बिस्किटं ठेवली, दर दोन तासांनी दोन. डोळ्यांपुढचं अर्धं पान नाहीसं व्हायला लागलं, तेव्हा तिने एक काळा पुठ्ठा कापून त्याला एका ओळीएवढी फट पाडली. फटीत एक ओळ, ओळीत एक शब्द. बाकी जग गेलं तर जाऊ दे. खिळे रॉकेलने धुवायला घेतले की तो वास तिच्या डोक्यात सुरीसारखा शिरे. मग ती कागदाच्या कोठीत जाऊन रिमांच्या थप्पीवर आडवी होई, कपाळावर टॉवेल. वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला खुर्चीत.

घारसाहेबांना ती जवळ यायच्या आधीच कळे.

"आज चप्पल फरफटतेय. दुखतंय?"

"थोडंसं."

"थोडंसं दुखलं तर कोणी असं चालत नाही. आण पान."

ते तळहात पानावर ठेवत, वरून खाली सावकाश फिरवत. पंधरा मिनिटं एक शब्द नाही. मग तेच, "एक चूक राहिलीय." कुठे ते कधी सांगत नसत.

"मी दाखवली तर तुझा डोळा तयार कसा होणार?"

ती चरफडत परत जाई. आणि चूक सापडेच. एखादी वेलांटी, एखादा पडलेला स्वल्पविराम. कधी एकाऐवजी दोन सापडत. दुसरी त्यांनी दया म्हणून सांगितली नसावी, असं तिला वाटे. दुरुस्त करून नेलं की ते म्हणत, "बोट ठेव." ती कोपऱ्यावर बोट ठेवी, आणि बोटाला लागून ते हिरव्या शाईत भलीमोठी सही ठोकत.

आठव्या महिन्यात एके दिवशी कमालच झाली. सकाळपासून दोनदा उलटी. डावं कानशील फुटेल असं वाटत होतं. तीनशे बारावं पान तिने एकदाच वाचलं. पुन्हा वाचायची ताकद नव्हती. आपल्यामागे घार आहे, ती बघेल, असं म्हणून तिने पान पुढे नेलं.

"एक चूक राहिलीय."

"साहेब, आज तुम्हीच सांगा ना. मला ओळी दिसत नाहीयेत."

"नाही. शोध."

तिला रडू आलं, पण रडलं की डोकं आणखी ठणकतं, म्हणून ती रडली नाही. पुठ्ठा घेतला. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत काही नाही. दुखू दे, म्हणत तिने तिसरी सुरू केली. एकोणिसाव्या ओळीवर पुठ्ठा थांबला. तान्ह्या मुलांचं औषध. मूळ प्रतीत ०.५. प्रुफात ५.

दहापट.

 तिने लाल शाईने शून्य घातलं, बिंदू घातला आणि पान नेलं.

"सापडली?"

"सापडली."

"बोट ठेव."

पुस्तक छापून झालं. ज्या हॉस्पिटलने ते छापून घेतलं होतं, त्यांच्या माणसांनी तीन आठवडे तपासलं. एकही चूक निघाली नाही. मालक स्वतः तिच्या टेबलाशी आले. "बाई, खुशाल जा बाळंतपणाला. खुर्चीला कोणी हात लावणार नाही."

नववा महिना भरत आला होता. निघण्याआधी ती घारसाहेबांकडे गेली.

"साहेब, फार शिव्या दिल्या तुम्हाला मनातल्या मनात."

"मनातल्या मनात कसल्या? तुझी चप्पल मोठ्याने द्यायची."

ती हसली. मग म्हणाली, "पण तीनशे बाराव्या पानावरचा तो सुटलेला बिंदू तुम्ही पाहिला नसता, तर एखादं तान्हं बाळ गेलं असतं."

घारसाहेबांनी मान वळवली आणि तिच्या चेहऱ्याच्या थोडं डावीकडे बघत विचारलं, "कुठला बिंदू? मला दोन वर्षं झाली, पोरी, अक्षर दिसत नाही."