काचेचा बोर्ड

"पोरींनो, काचेला बॉल लागता कामा नये!" भोईटे सरांनी कोर्टाबाहेरून दबक्या आवाजात बजावलं.

मे महिन्याच्या सुट्टीत सर शाळेच्या बास्केटबॉल टीमला पुण्यातली कॉलेजं दाखवायला घेऊन आले होते. त्यातल्या एका कॉलेजच्या कोच मॅडमनी सहज विचारलं, "आमच्या मुलींशी खेळता का एक मॅच?" कॅप्टन शलाकानं वर पाहिलं आणि हातातला बॉल छातीशी घट्ट धरला. रिंगमागचा बोर्ड चक्क काचेचा होता! शाळेतली त्यांची रिंग हेडमास्तरांच्या खिडकीच्या चौकटीवर ठोकलेली, मागे बोर्डाऐवजी नुसती काच. नेम चुकला की तावदान फुटायचं आणि आठवडाभर खेळ बंद.

शलाकानं जीव मुठीत धरून बॉल टाकला. कुठेही न घासता तो जाळीतून अलगद उतरला. मग दुसरा, तिसरा. बाकीच्या पोरीही त्याच खिडकीखाली तयार झालेल्या. कॉलेजच्या मुली आधी हसल्या, मग घामाघूम झाल्या आणि शेवटची शिट्टी वाजली तेव्हा चक्क हरल्या होत्या.

"बोर्डाचा आधार का घेत नाहीस गं?" मॅडमनी शलाकाला विचारलं.

"फुटला म्हणजे?"

मॅडम खळखळून हसल्या. त्यांनी बॉल उचलला आणि सगळी ताकद लावून काचेवर हाणला. अख्खा हॉल दणाणला. शलाकानं डोळे घट्ट मिटले. भोईटे सर तर दाराकडे सरकले. पण काच जागच्या जागी!

"दहावी झाली की इथंच ये," मॅडम म्हणाल्या, "आणि रोज फोडून बघ."