गाडीचा पळ

अमृतची स्पोर्ट बाईक सर्व्हिसिंगला दिली होती, तेव्हा त्याची आई चांगुणा एकटीच पाथर्डीच्या गॅरेजात गेली. पोरगा सुप्याच्या कंपनीतून गाडी अशी काही पळवत यायचा, की तो दारात दिसेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"अलीमभाई, हिचा पळ कमी करा. त्याला सांगू नका."

"मागचं स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चाक, मोठं टाकतो, मावशी. मग कितीबी पिळली तरी पहिल्यागत पळायची न्हाई," मिस्त्री म्हणाला. "पिकअप मात्र लई वाढंल."

पिकअप म्हणजे काय, ते तिला ठाऊक नव्हतं.

"वाढू द्या. पळ कमी झाला म्हंजी झालं," म्हणत ती निर्धास्त घरी परतली.

रविवारी अंगणात बाईकवर बसल्या बसल्या अमृत म्हणाला, "आई, सर्व्हिसिंगपासनं गाडीत लई जोर आलाय. जरा मूठ पिळली की पुढचं चाक हवेत."

चांगुणाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती त्याला अडवणार, तोवर सून हसत मागच्या सीटवर चढलीसुद्धा.


"घट्ट धर गं," अमृत बायकोला म्हणाला, "आईला दाखवू."